सरपंचबाईची साडी

निकेश कापगतेच्या घरी ओसरीतल्या खुंटीला एक कापडी पिशवी मंडईपासून, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेपासून, लटकून होती. पिशवीत साडी होती, जांभळी, हिरव्या काठाची, धुऊन घडी घातलेली. ती त्याच्या आईची नव्हती. गल्लीच्या टोकाला, तलावाच्या पाळीजवळ राहणाऱ्या ललिताबाई दिघोरेंची होती, आणि ललिताबाई म्हणजे गावच्या सरपंच. साडी परत करायला फक्त गल्ली ओलांडायची होती. पण तेवढं टाळायला या पोराने इतकी कारणं शोधली, की तेवढ्या मेहनतीत दुसऱ्या कोणाची परीक्षा पास झाली असती.

"बापू, साडी देऊन ये ना," त्याची आई शकुंतलाबाई सकाळ-संध्याकाळ म्हणायची. "लोकाची वस्तू होय."

"जातो ना वं माय."

आणि जायचा कुठे, तर एस.टी.च्या थांब्यावर. तिथून एकोडीमार्गे तालुक्याच्या कॉलेजात.

निकेश बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. घरी धानाची शेती, बाप अबोल, आई कामसू, आणि हा एकटा बोलका. लहानपणापासून पंधरा ऑगस्टचं भाषण म्हटलं की निकेशच. कॉलेजात गेल्यावर त्याला राज्यशास्त्र अभ्यास मंडळ सापडलं आणि तहानलेल्याला विहीर मिळाल्यासारखं झालं. असं मंडळ कागदावर पुष्कळ ठिकाणी असतं. उद्घाटन होतं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतात, फोटो निघतो, संपलं. पण इथले नंदेश्वर सर हौशी. ते दर आठवड्याला वाचनालयाशेजारच्या खोलीत पोरांना जमवून वाद घालायला लावत. कोणी सत्ताधारी, कोणी विरोधक. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, जी घरी बापासमोर मान वर करत नव्हती, ती तिथे टेबलावर हात आपटून "माननीय अध्यक्ष महोदय" म्हणायला शिकली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती निकेशला तोंडपाठ होती. महिला आरक्षणाच्या बाजूने तो असा काही बोलला होता, की मंडळाची सचिव रुचिता, जी सहसा कोणाला भीक घालत नसे, तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

आता अशा या पोराला गावातली एक खरीखुरी सरपंचबाई शेजारी लाभलेली. त्याने तिच्याकडे जाऊन बसायचं नाही तर कोणी बसायचं?

ललिताबाईचा नवरा तुलाराम तलावात मासोळी धरायचा, शिंगाडे काढायचा. त्या स्वतः बचत गट चालवायच्या. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा गावाने त्यांना थेट निवडून दिलं. निकेश त्यांना काकू म्हणायचा. कॉलेजातून आला की त्यांच्या चुलीपाशी बसायचा, उकडलेले शिंगाडे सोलून खायचा आणि पंचायतीत आज काय झालं ते विचारायचा. त्याही सांगायच्या. घरात दुसरं कोणी ऐकणारं नव्हतंच. तुलारामला माशांपलीकडे कशाचं कौतुक नव्हतं.

त्या दिवसांत उपसरपंच भय्याजी रोज त्यांच्या दारी यायचे. देवळापासून तलावापर्यंतचा सिमेंट रस्ता भय्याजीच्या भाच्याने बांधला होता. एका पावसाळ्यात त्याची गिट्टी उघडी पडली होती, आणि बिल मात्र निघायचं होतं. बिल काढायला आता सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही असते पेन ड्राइव्हएवढ्या एका वस्तूत. तिला डोंगल म्हणतात. ज्याच्या खिशात डोंगल, त्याच्या खिशात पंचायत, आणि कित्येक गावांत सरपंच बायको असते नि खिसा नवऱ्याचा.

"भय्याजी रोज काहून येतेत, काकू?" निकेशने एकदा विचारलं.

"डोंगलसाठी येतेत बापू. बिल काढाचं हाये."

"मंग तुमी काय म्हणता?"

ललिताबाईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणतो, मालकाले इचारून सांगतो. डोंगल त्यायच्यापाशी हाये." मग उठून त्यांनी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, मनगटापर्यंत हात आत घातला आणि डोंगल काढून त्याच्यासमोर धरलं. "मालकाले तं हे कसं धरतेत तेबी माहीत नाही. पण मी सिधं नाही म्हटलं तं भय्याजी भांडन, चार माणसं घेऊन येईन. मालकाले इचारतो म्हटलं का तो तलावावर जाते. हे डोंग्यात, पाण्याच्या मधात. हाका मारू मारू त्याचा गळा बसते. तोवर मी पंचायत समितीत अर्ज देऊन रस्त्याची तपासणी लावली."

दोघंही पोट धरून हसले. मग त्या म्हणाल्या, "कोणाले सांगजो नोको बरं."

"नाही ना काकू."

आणि गंमत पाहा, त्याने वचन मोडलं असं कोणी म्हणू शकणार नाही. त्याने फक्त अर्धंच सांगितलं. अर्धं सांगितलं, हाच तर त्याचा गुन्हा.

मंडळाच्या त्या वर्षीच्या उद्घाटनाला काहीतरी नवं करायचं होतं. निकेशने अभिरूप ग्रामसभा लिहिली आणि सरपंचबाईचं काम स्वतः घेतलं. आमच्या या झाडीपट्टीत दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, पुरुषाने साडी नेसणं नवलाचं नाही, पोरं लहानपणापासून ते पाहतच वाढतात. गळ्यात मंगळसूत्रासारखं डोंगल घालून निकेश सभेत उभा राहायचा. कोणी विचारायचं, नळाले पाणी कवा येईन? "मालकाले इचारून सांगतो." शाळेचं छत गळते, बाई? "मालकाले इचारून सांगतो." शेवटी एक म्हातारा वैतागून विचारायचा, "अवं, तुह्यं नाव तं सांग!" निकेश तोंड उघडायचा, उघडंच ठेवायचा, डोळे हळूच बाजूला फिरवून नवऱ्याला शोधायचा, आणि मग म्हणायचा, "मालकाले इचारून सांगतो."

त्यापुढेही एक प्रवेश होता. सभा उठून गेल्यावर सरपंचबाई एकटीच घरी येते, तांदळाच्या डब्यात मनगटापर्यंत हात घालते, डोंगल काढते आणि प्रेक्षकांकडे पाहून हसते. तालमीत नावाच्या वाक्याला पोरं बाकांवरून खाली पडायची राहिली, आणि डब्याच्या प्रवेशाला सगळे गप्प झाले.

"हशा पडला की तिथंच संपवा," नंदेश्वर सर म्हणाले. "नाटकाला वेळ कळली पाहिजे."

"पण सर, मग अर्थच उलटा होतो," रुचिता म्हणाली.

"बघा बुवा. लेखक निकेश आहे."

लेखकाने पाहिलं. लेखकाच्या कानात अजून हशा होता. त्याने तो प्रवेश कापला आणि स्वतःला समजावलं, की काकूंनी कोणाला सांगू नको म्हटलं होतं ना, मग डबा दाखवणं बरं नाही. माणूस आपल्या लोभाला किती चांगले कपडे घालतो! वचन पाळायचं तर पहिला अर्धा भागही घरीच ठेवायचा होता.

कॉलेजात अभिरूप ग्रामसभा डोक्यावर घेतली गेली. दुसऱ्या कॉलेजांबरोबरच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. निकेश मंडळाचा अध्यक्ष झाला. आणि दिवाळीनंतर गावची मंडई आली तेव्हा मंडईच्या कमिटीने त्याला बोलावलं. भय्याजी कमिटीचे अध्यक्ष. "दुपारी दंडारीच्या आधी तुह्या कॉलेजचं ते नाटक कर," ते म्हणाले. "आपलं पोट्टं बाहेर नाव काढते अना गावानं पाहू नये काय?" निकेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भय्याजींना त्या नाटकात एवढा रस कुठून आला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. राज्यशास्त्राच्या मंडळाचा अध्यक्ष होता तो, पण हे एवढं राजकारण त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याने डोळे मिटले.

साडी हवी होती. गावात दंडारीला पोरं शेजारणींकडूनच साड्या मागून आणतात, आणि ज्या बाईची साडी असते ती मंडईत समोर बसून मोठ्या मानाने पाहते. निकेश ललिताबाईकडेच गेला. कॉलेजात चाललेल्या नाटकाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं.

"कोणाचं काम हाये तुह्यं?" त्यांनी विचारलं.

"सरपंचाचं, काकू."

त्या क्षणी त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढे किती तरी दिवस निकेशला डोळे मिटले की तोच दिसायचा. त्यांनी पेटी उघडून जांभळी साडी काढली. सरपंच झाल्यावर पहिल्या झेंड्याला त्या हीच साडी नेसल्या होत्या. "हे घे. बाकीच्या जुन्या हायेत. सरपंच चांगला दिसला पाहिजे."

तेव्हा तरी सांगायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली म्हणायला तिथे काही संकटही नव्हतं. त्याने साडी काखेत मारली आणि शिंगाडे खाऊन घरी आला.

मंडईच्या दुपारी ललिताबाई पाहुण्यांच्या खुर्चीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तुलारामही, धुतलेला सदरा घालून. बचत गटाच्या बायका मागे. निकेश मंडपात आला तेव्हा ललिताबाईने शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगितलेलं त्याने पाहिलं. साडी कोणाची आहे ते सांगत होत्या. पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पहिल्या "मालकाले इचारून सांगतो"ला थोडं हसू आलं. दुसऱ्याला लोकांनी आधी साडी ओळखली, मग बाई ओळखली, आणि सगळी मंडई हलली. शिट्ट्या, टाळ्या. कोणी ललिताबाईकडे बोट दाखवलं, कोणी तुलारामच्या पाठीवर थाप मारली. ललिताबाईही हसत होत्या. नावाच्या वाक्यालाही हसल्या. नाटक संपलं, पोरांनी नमस्कार केला, तरी त्या तशाच, किंचित पुढे वाकून, रंगमंचाकडे पाहत बसल्या होत्या.

भय्याजी शाल आणि नारळ घेऊन वर आले. "सरपंचबाई, या, तुमीबी हात लावा," ते माइकवरून म्हणाले. खालून कोणीतरी ओरडलं, "मालकाले इचारून!" पुन्हा हशा. ललिताबाई वर आल्या. शालीचं एक टोक त्यांच्या हातात, एक भय्याजींच्या. समोर निकेश, त्यांचीच साडी नेसलेला, ओठांना लाली लावलेला. शाल खांद्यावर टाकताना त्या हळूच म्हणाल्या, "झालं काय रे? मले वाटलं अजून हाये."

निकेश हसला. दुसरं काय करणार होता? लोक पाहत होते, म्हणून तो हसला. आणि त्याला अशी लाज वाटली की खांद्यावरची शाल जड झाली. त्याने मंडपामागे जाऊन साडी इतक्या घाईने सोडली की काठ पायात अडकून तो पडला.

त्यानंतर गावाला एक वाक्य सापडलं. राशन दुकानात कोणी साखर मागितली की दुकानदार म्हणायचा, मालकाले इचारून सांगतो. बायको नवऱ्याला म्हणायची, पोरं मास्तरला म्हणायची. व्हिडिओ मोबाइल-मोबाइल फिरला. तुलाराम तलावावर निघाला की पाळीवर बसलेली रिकामटेकडी माणसं ओरडायची, "ओ मालक, एक इचाराचं होतं!" तुलाराम साधा माणूस. त्याने आधी हसून पाहिलं, मग मान खाली घालून पाहिली, मग तो मागच्या काट्याकुट्यातल्या वाटेने जायला लागला. ललिताबाईच्या दारी भय्याजी आता एकटे येत नव्हते. येताना दोघं-चौघं घेऊन यायचे आणि ललिताबाईचं ठरलेलं उत्तर त्यांच्या तोंडून निघायच्या आधीच ती माणसं हसायची. ती एक युक्ती होती त्या बाईजवळ, आणि आता ती कामाची राहिली नव्हती.

मग अविश्वास ठराव आला. सरपंच स्वतः कारभार पाहत नाहीत, निर्णय घेत नाहीत, सगळं नवऱ्याच्या विचाराने चालतं, असं त्यात लिहिलं होतं. सदस्यांनी तो मंजूर केला. पण थेट निवडून आलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्य पुरत नाहीत, विशेष ग्रामसभेत गावानेही गुप्त मतदानाने हो म्हणावं लागतं. ही तरतूद निकेशने स्वतः मंडळात समजावून सांगितली होती. सर खूश झाले. "आपल्याला हे प्रत्यक्ष पाहायला मिळतंय. निकेशच्याच गावात! मंडळ निरीक्षणाला जाईल."

म्हणजे मंडळही येणार होतं.

ग्रामसभा शाळेच्या आवारात भरली. तालुक्याहून अधिकारी आले होते. मंडळाची पोरं वह्या आणि मोबाइल घेऊन भिंतीला टेकून उभी, रुचिता त्यांच्यात. निकेश गावच्या माणसांत बसला. त्याने ठरवलं होतं की आज उठायचं, बोलायचं, सगळं सांगायचं. आपल्याला दुसरं काय येतं? बोलताच तर येतं.

भय्याजी उभे राहिले. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले, आणि बोलले. "मी बोललो तं म्हणतीन, उपसरपंचाच्या पोटात दुखून राहिलं. पण आपल्या गावच्या शिकलेल्या पोरानं भर मंडईत दाखवलं. कॉलेजाच्या मास्तरायनं त्याले पहिला नंबर देल्ला. त्या लेकराचं काय वैर हाये बाईसोबत? तो खोटं कायले दाखवन?"

माना हलल्या. निकेशला वाटलं जमीन फाटावी. जमीन काही फाटत नाही, माणसाला बसून ऐकावं लागतं.

ललिताबाई उठल्या. त्या दिवशी त्यांनी साधी सुती साडी नेसली होती. "रस्ता पाहा," त्या म्हणाल्या. "पायानं उकरला तं गिट्टी निघते. म्हणून ते बिल मी..."

"मालकाले इचारलं काय?" मागून आवाज आला.

हशा झाला. अधिकाऱ्यांनी टेबल वाजवलं. ललिताबाईने पुन्हा सुरुवात केली. "तपासणीवाले आले होते, त्यायनं लिहून देल्लं का..." पुन्हा तोच आवाज, पुन्हा हशा, आता आधीपेक्षा मोठा. त्या खाली बसल्या. तुलाराम कुठेच नव्हता. तो त्या दिवशी तलावावरून आलाच नाही.

निकेश उठला. तो नुसता उठला आणि पोरांनी शिट्टी मारली. "साडी कुठी हाये बे?"

"मंडईत मी जे दाखवलं," तो म्हणाला, "ते अर्धं होतं."

"बाकीचं आता दाखव! तिकीट लाव!"

"हसू नका. मी खरं बोलून राहिलो."

सगळे आणखी हसले. त्यांना वाटलं हाही नाटकाचाच भाग. ज्याच्या तोंडून एकदा गंमत ऐकली, त्याच्या तोंडून ते आता दुसरं काही ऐकायला तयार नव्हते. घाम पुसत निकेशने ठरवलं, आता डब्याचंच सांगायचं. डोंगल कोणाच्या हातात होतं, कसं होतं, ते सांगितलं की हसू थांबेल. त्याने तोंड उघडलं, आणि ललिताबाईकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. नको.

त्या बाईला अजून आशा होती. मतं तिच्या बाजूने पडली, तर उद्या भय्याजी पुन्हा दारात येणार होते, आणि हसण्यावारी गेलं असलं तरी तिच्याजवळ तेवढंच एक उत्तर होतं. निकेशला ते कळलं. तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं, डोळे बाजूला वळलेले.

मंडईत नावाच्या वाक्याला तो हुबेहूब असाच उभा राहिला होता. लोकांना पुढचं वाक्य पाठ होतं. सगळ्या आवाराने ते एका सुरात म्हटलं, आणि म्हातारेकोतारे डोळे पुसेपर्यंत हसले. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनाही हसू आवरलं नाही. मंडळातल्या दोन पोरांनी मोबाइल वर धरले होते. रुचिता हसत नव्हती.

ठराव मंजूर झाला. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा फार अंतर नव्हतं, असं म्हणतात. निकेशने स्वतःची चिठ्ठी ललिताबाईच्या बाजूने टाकली होती. त्याच्या हातात शेवटी तेवढंच उरलं होतं.

फाटकाजवळ रुचिताने त्याला गाठलं. "काहून कापला रे तू तो शेवट?" तिने विचारलं. नंदेश्वर सर मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. लोकशाहीत असं होतं." लोकशाहीचं नाव घेतलं की सरांचे हात स्वच्छ. होत नसतं, सर, कोणीतरी करतं. पण हे बोलायला निकेशकडे तोंड कुठे होतं?

काही दिवसांनी सरांचा फोन आला. नागपूरला विद्यापीठाची फेरी होती.

"मी नाही येत, सर."

"अरे, असं कसं? बरं, मग अमर करेल तुझं काम. त्याला वाक्यं पाठ आहेत. साडी तेवढी पाठव. व्हिडिओत तीच आहे, लोकांना तीच हवी."

निकेशने फोन ठेवला, खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला न घालताच गल्लीत उतरला. इतके दिवस न संपणारी गल्ली लगेच संपली.

ललिताबाई अंगणात शिंगाडे निवडत होत्या. "ये बापू. बस," त्या म्हणाल्या, जशा नेहमी म्हणायच्या. मग म्हणाल्या, "बरं झालं आला. ग्रामसेवक बोलावून राहिले, डोंगल जमा करा म्हणून. मले तिकडे जावाचा जीव होत नाही. तू देऊन देशीन काय?"

त्या घरात गेल्या. निकेश उंबऱ्याशी उभा होता. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, मनगटापर्यंत हात तांदळात घातला आणि डोंगल काढलं. पदराने पुसलं. एक दाणा त्याच्या फटीत अडकला होता, तो नखाने काढून परत डब्यात टाकला. निकेशने लिहिलेला प्रवेश हाच होता, असाच होता. त्यात फक्त शेवटी बाई हसत होती.

डोंगल त्याच्या तळहातावर ठेवून त्यांनी झाकण लावलं.

"काकू," निकेश म्हणाला, "माझं चुकलं."

"हाव," त्या म्हणाल्या. "चुकलं."

एवढंच. असू दे, पोरगा आहेस, होतं असं, यातलं त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्याला वाटलं होतं त्या रडतील किंवा शिव्या देतील, आणि मग आपल्यालाही रडता येईल. तेही मिळालं नाही. त्याने पिशवी पुढे केली. "तुमची साडी."

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, काठावरून बोट फिरवलं आणि पिशवी परत त्याच्याकडे सरकवली.

"राहू दे तुह्यापाशी."

"काहून काकू? धुतली हाये. मायनं धुतली."

"तसं नाही बापू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दूध नासलं हे जसं सांगावं तसं त्या बोलत होत्या. "आता मी हे नेसली तं लोकं म्हणतीन, निकेशचं सोंग करून राहिली."

आणि त्या पुन्हा शिंगाडे निवडायला बसल्या.

निकेश डोंगल पंचायतीत देऊन घरी आला. शकुंतलाबाईने त्याच्या हातातली पिशवी पाहिली. "साडी दिली नाही काय?"

"घेत नाही म्हणते."

"घेत नाही? काहून?"

त्याने पिशवी परत खुंटीला लटकवली आणि तोंड धुवायला मागच्या अंगणात गेला.